‘ए’ म्हणजे ऑटो नव्हे

तीर्थस्वरूप दादा,

धाकट्या मामेभावाचा इथूनच वाकून नमस्कार (लांबून वाकलं की कंबरेला त्रास होत नाही, हा पत्राचा मोठा फायदा). तुझी कंबर आता कशी आहे? खुर्ची बदललीस, की अजून त्याच उशीवर भागवतोयस? लेकीचे पुढचे दात आले का? आमच्याकडे सगळं ठीक. चष्म्याचं दुकान बरं चाललंय. लोकांना दिसेनासं होणं काही थांबलेलं नाही, त्यामुळे माझ्या काचा घासण्यालाही खंड नाही. आत्याचा, म्हणजे तुझ्या मातोश्रींचा, घसा तेवढा बसलाय, तो सोडला तर मजेत आहे. फोनवर तुझ्याकडे दहा मिनिटं असतात आणि त्यातली चार “आवाज येतोय का” यात जातात, म्हणून कॅमेऱ्याची हकिकत पत्रानेच कळवतो. ती तशीही बरीच लांबली आहे.

तू तुझ्या ऑफिसातल्या गृहस्थांबरोबर दिलेला कॅमेरा सुखरूप पोचला. गृहस्थ भले वाटले, दोन कप चहा प्यायले आणि तुझ्याबद्दल इतकं चांगलं बोलले की माणूस तोच ना, अशी मी एकदा खात्री करून घेतली. पिशवीत कॅमेरा, दोन भिंगं, पट्टा आणि तुझी चिठ्ठी होती : “ए वर ठेव. बाकी कशाला हात लावू नकोस.” दादा, तू लहानपणापासून असाच. मला पोहायला शिकवलंस तेव्हाही “पाय मार” एवढंच सांगून काठावर जाऊन बसला होतास. माझा जन्म काचा घासण्यात गेला म्हणून मला कॅमेरा कळेल, हा तुझा समज. न्हाव्याला रोज डोकी हाताळायला मिळतात, म्हणून काही तो मेंदूचा डॉक्टर होत नाही.

काम काय होतं ते तुला ठाऊक आहे, तरी पत्र रांगेत असावं म्हणून लिहितो. आत्याच्या डाव्या कानाखाली जी गाठ आली ती काढायची. डॉक्टर म्हणाले, गाठ गरीब आहे पण जागा वाईट निवडली आहे. चेहरा हलवणारी नस तिथूनच जाते. ती दुखावली तर तोंड एका बाजूला उतरेल; महिनाभर, सहा महिने, क्वचित कायमचं. आत्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे पुढची आवृत्ती वेगळी निघणार तर.” (एकतीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासलेल्या बाईकडून दुसरं काय ऐकणार? डॉक्टरांच्या पाटीवरचा चुकीच्या वेलांटीचा शब्दही तिने जाता जाता दाखवला.) घरी येऊन तिने कपाट उपसलं आणि स्वतःचे फोटो शोधले. सापडले दोन. एकात ती अकरा वर्षांची, दुसरा ओळखपत्रावरचा, आणि त्यात तर ओळख पटण्यासारखं काहीच नव्हतं. बाकी सगळ्या फोटोंत ती मागच्या रांगेत, कोणाच्या तरी खांद्याआड. “आधीच्या मजकुराची एक प्रत हाताशी असावी,” असं म्हणून ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणून फोटो, आणि म्हणून तुझा कॅमेरा.

चिठ्ठीप्रमाणे मी ए शोधला. कॅमेऱ्याच्या डोक्यावर एक चकती आहे, तिच्यावर हिरव्या अक्षरांत ‘ऑटो’ असं इंग्रजीत लिहिलेलं. त्याचं पहिलं अक्षर ए, हे मला पाचवीपासून माहीत, त्यामुळे मनात शंकेला जागाच नव्हती. आत्याला दिवाणखान्यात खुर्चीवर बसवलं, बटण दाबलं. कॅमेऱ्याच्या टाळूतून टपकन एक दिवा वर आला, लख्ख उजेड पडला, आणि आत्याने डोळे मिटले. चौदा फोटो काढले. चौदाही वेळा दिवा आणि पापण्या यांची वेळ इतकी तंतोतंत जमली की मला कौतुकच वाटायला लागलं. आमची ही बघून म्हणाली, “यातला एकही बाहेर लावू नका हं. आल्यागेल्याने आवाज खाली घेऊन बोलायला सुरुवात केली तर पंचाईत.” आत्याने आपलं वाचायचं भिंग आणून चौदाच्या चौदा तपासले. एकच चूक चौदा वेळा आली तर ती छपाईच्या खिळ्यांची नसते, खिळे जुळवणाऱ्याची असते, असा निकाल देऊन ती आत गेली.

दिव्याची कटकट नको म्हणून मी चकती पुढे सरकवली, तर ‘पी’ आला. पी म्हणजे काय ते आम्हाला कळेना. त्यावर दिवा आपण होऊन वर येत नाही, हे मात्र खरं. पण मग दिवाणखान्यातला उजेड पुरत नाही, म्हणून कॅमेरा स्वतःच्या मनाने डोळा बराच वेळ उघडा ठेवतो, आणि तेवढ्या वेळात आत्या एक वाक्य संपवून दुसऱ्याला हात घालते. फोटोत तिला तोंडं तीन आली आणि चष्मे दोन. मी तिला गप्प बसायला सांगितलं. “मी गप्पच आहे,” असं ती म्हणाली, तोही फोटो आला आहे. मग ‘एस’. तिथे वेळ आपण ठरवायची असते, एवढं चाक फिरवल्यावर आकडे पळाले त्यावरून उमगलं. आत्याच्या बोलण्याचा वेग मला ठाऊक, म्हणून कसर नको, सेकंदाचा चार हजारावा भाग धरला. फोटो काळा आला. गडद, एकसंध, कुठेही डाग नसलेला काळा. आत कडेला एक खूण सारखी लुकलुकत होती, मला वाटलं काम फत्ते झाल्याची. आत्याने त्यावरही भिंग फिरवलं. “पान कोरंच ठेवायचं होतं तर इतकी शाई का घातलीस?” एवढंच तिने विचारलं.

आमच्या खालच्या मजल्यावर ड्रायव्हिंगवाले राहतात. तुला आठवणार नाहीत, तू गेल्यावर आले. बावीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवतात, त्यामुळे कशानेही दचकत नाहीत. फक्त बोलता बोलता त्यांचा पाय अधूनमधून जमिनीवर दाबला जातो. त्यांच्या मेव्हण्याचा पूर्वी स्टुडिओ होता आणि ड्रायव्हिंगवाले रविवारी तिथे दिवे धरायचे. त्यांनी चकती पाहिली, तुझी चिठ्ठी पाहिली, माझ्याकडे पाहिलं.

“अहो, ए वेगळा आहे. हा बघा, पलीकडे.”

होता. दोन आठवडे तो तिथेच होता.

“सोपं आहे,” ते म्हणाले. “उजेड आत घ्यायचा तर दोनच गोष्टी. भोक केवढं आणि ते उघडं किती वेळ. एस मध्ये वेळ तुम्ही सांगायची, भोकाचं तो बघतो. ए मध्ये भोक तुम्ही सांगायचं, वेळेचं तो बघतो. पी मध्ये दोन्ही तोच बघतो, पण तुम्ही मध्ये काही बोललात तर ऐकून घेतो.”

“आणि ऑटो?”

“ऑटो म्हणजे मागच्या सीटवर बसून जायचं. खिडकी उघडायचीसुद्धा सोय नाही.”

“आणि हा एम?”

“एम मध्ये दोन्ही तुमच्या बोकांडी,” असं म्हणून त्यांनी पाय दाबला.

मग आत्याला खिडकीपाशी बसवलं आणि चकती एकदाची ए वर आणली. (इथे आकडा जितका लहान तितकं भोक मोठं, हा उलटा कारभार कोणी ठरवला? चष्म्याच्या धंद्यात असं केलं असतं तर निम्मी गिऱ्हाइकं दाराऐवजी भिंतीतून बाहेर गेली असती.) मी सगळ्यात लहान आकडा घेतला, एक दशांश आठ. भोक मोठं असलं की मागचं सगळं विरघळतं आणि ज्यावर नेम आहे तेवढंच स्पष्ट येतं, असं ड्रायव्हिंगवाल्यांनी सांगितलं होतं. नेम कशावर धरायचा ते मात्र मी कॅमेऱ्यावर सोडलं होतं. आत्या जरा तिरकी बसली होती, आणि कॅमेऱ्याने सगळ्यात जवळचं होतं ते धरलं. ती गाठ. तिच्यावरची लव न् लव मोजता येत होती. डोळे, नाक, ओठ मागे वाफेत गेल्यासारखे. डॉक्टरांकडेही गाठीचा इतका चांगला फोटो नसेल. आत्याने या वेळी भिंग मागितलं नाही. “अस्सं,” ती म्हणाली. “म्हणजे या बाई.” मग, “पुसू नकोस. पण मला परत दाखवू नकोस.” मी कॅमेऱ्यावर झाकण लावलं. ते नीट बसलं होतं, तरी आणखी दोनदा दाबून पाहिलं.

त्यानंतर आठवडाभर कॅमेऱ्याचं नाव कोणी काढलं नाही. पुढच्या मंगळवारी आत्याला तपासणीसाठी हॉस्पिटलात न्यायचं होतं. (तपासणीलाही तिने नेहमीप्रमाणे अर्धं कपाट बरोबर घेतलं.) ड्रायव्हिंगवाल्यांनी शिकवणीची गाडी काढली, ती टपावर ‘शिकाऊ’ पाटी असलेली. आत्या पुढे बसली. त्या गाडीत शेजारच्या सीटच्या पायाशीही ब्रेक असतो हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, पण तिने तो शोधला आणि वाटेत दोनदा दाबला. दोन्ही वेळा पुढे रस्ता मोकळा होता. दोन्ही वेळा ड्रायव्हिंगवाल्यांनी शांतपणे पुन्हा पहिला गियर टाकला.

तिसऱ्या मजल्यावर लांबलचक बोळ, एका बाजूला बाक, भिंतींना पांढऱ्या फरश्या, समोर दुधी काचांच्या खिडक्यांची रांग. उजेड सगळीकडे सारखा, ताकासारखा. आत्याने विचारलं, “कॅमेरा आणलायस ना?” मी आणला होता. ए वर ठेवून एक काढला, तर चेहरा सावळा, भिंत करडी. ड्रायव्हिंगवाले मागून म्हणाले, “भिंत पांढरी आहे ना, त्याला वाटतंय उजेड फार झाला. त्याचं ऐकू नका. एम वर घ्या.” मग त्यांच्या सांगण्यावरून मी आत्याच्या चेहऱ्याच्या अगदी जवळ जाऊन आकडे बघितले, तेच चाकं फिरवून पक्के केले आणि चार पावलं मागे आलो. भोक चार, वेळ एकशे पंचविसावा भाग. आधी ड्रायव्हिंगवाल्यांचाच एक काढून पाहिला. छान आला, स्वतःच्या परवान्यावरही ते इतके बरे दिसत नाहीत. मग आत्या. तिने चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा घातला. “आता बोलत नाही,” म्हणाली, आणि खरंच बोलली नाही. तेवढ्यात बोळाच्या टोकाकडून नर्सने तिचं नाव पुकारलं. आत्याने मान वळवली नाही. कॅमेऱ्याच्या भिंगात बघत राहिली. मी बटण दाबलं.

डोळे दोन, दोन्ही उघडे. तोंड एक. गाठ जिथे आहे तिथे, जेवढी आहे तेवढीच. नर्स येऊन उभी राहिली तरी आत्याने पिशवीतून भिंग काढून सावकाश तपासलं. “चूक नाही,” ती म्हणाली. मग म्हणाली, “पण ही किती घाबरलेली आहे रे.” मी म्हटलं, उजेड तोच आहे, आकडे तेच आहेत, लगेच दुसरा काढतो. “नको. मूळ प्रतीत जे आहे तेच छापायचं असतं.” भिंग माझ्या हातात देऊन ती नर्सबरोबर गेली.

असा तो फोटो. प्रत सोबत आहे, मागे पेन्सिलीने आकडे लिहिलेत, तुला लोकांपेक्षा आकडे आवडतात म्हणून. कॅमेरा शाबूत आहे. बाकी सगळं यथास्थित. वहिनींना नमस्कार, दात यायचे आहेत तिला गालगुच्चा.

तुझा,
काच्या

ता. क. १ : आत्याने पत्र तपासलं. एकोणीस चुका निघाल्या, त्यातल्या तेरा ऱ्हस्वदीर्घाच्या. “घाबरलेली” हा शब्द तिने खोडून समासात “विचारमग्न” असं सुचवलं होतं. पत्र पुन्हा उतरवताना मी तेवढी एक दुरुस्ती घ्यायला विसरलो.

ता. क. २ : हे टपालाच्या खिडकीशी उभा राहून लिहितोय, इथपर्यंत ती वाचणार नाही. दादा, त्या मंगळवारी तपासणी नव्हती. ऑपरेशनच होतं. पुढच्या महिन्याची खोटी तारीख तिने फक्त तुला दिली होती, तू रजा टाकून धावत येऊ नयेस म्हणून. गाठ निघाली, गरीबच निघाली, त्याची काळजी नको. पण ओठाची डावी बाजू उतरली आहे. प, ब, म नीट उमटत नाहीत. घसाबिसा काही बसलेला नाही. तीन आठवडे तुझा फोन घेत नाही ती यामुळे. डॉक्टर म्हणतात, नस शाबूत आहे, येईल परत, फक्त आरशासमोर बसून व्यायाम करा. आरशावर तिने टॉवेल टाकून ठेवलाय.

ता. क. ३ : मी दुसरा फोटो काढू म्हणालो, तर म्हणाली बॅटरी संपली. कॅमेरा तिच्या कपाटात असतो. काल ती आंघोळीला गेली तेव्हा मी बघितलं, बॅटरी पूर्ण भरलेली आहे. तेव्हा तू ये. मी कळवलं असं बोलू नकोस, कॅमेरा परत न्यायला आलो म्हण. एवढ्याशा यंत्रासाठी तिकिटाचे पैसे घातलेस म्हणून ती तुझ्यावर भडकेल. भडकू दे. रागावली की तिचं तोंड जवळजवळ सरळ होतं, हे डॉक्टरांनीही पाहिलंय, आणि आमच्यावर ती हल्ली रागवतच नाही.