बाबांची मांड

३ मार्च

चि. मनीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. फोन सोडून मी पत्रं का लिहीत बसतो, असं विचारलंस. फोनवर तू मला मध्येच तोडतेस आणि हॉस्पिटलातल्या पेशंटशी बोलावं तसं बोलायला लागतेस. पत्रात तुला माझं शेवटपर्यंत ऐकावं लागतं. म्हणून.

बातमी चांगली नाही. काजळीचं काही खरं दिसत नाही. उजव्या हाताला गोल फिरवायला घेतली की डावीकडे सरकत जाते, रिंगणाच्या रेषेवर राहतच नाही. आधी वाटलं नखरे करतेय. मग वाटलं नाल बोचत असेल. नालबंदाने चारी पाय उचलून पाहिले आणि हिचे पाय आपल्या दोघांपेक्षा धड आहेत म्हणून हसत निघून गेला. जनावरांच्या डॉक्टरांनी पाठ दाबून पाहिली, डावी बाजू ताठ आहे म्हणाले, मलम देऊन गेले. दात तासून झाले. खोगिराची डावी गादी चपटी झाली होती, ती नव्याने भरून घेतली, तर महिन्याभरात पुन्हा चपटी. आता मी हात टेकले. वय झालं तिचं, दुसरं काय.

तो कुरणवाला आठवतो ना, म्हाताऱ्या घोड्यांना चरायला ठेवून घेतो तो? महिनाअखेर येऊन तिला घेऊन जाईन म्हणालाय. तिथे काम नाही, भरपूर गवत आहे. तिच्या भल्याचंच आहे. पण खरं सांगू? शिंगरू होती तेव्हापासून माझ्या हाताखाली वाढलेली घोडी. तिच्या जागी दुसरी कोणी बांधलेली मला बघवणार नाही. चार दिवस जेवण गोड लागत नाहीये.

तू मात्र वेळेवर जेवत जा. आमच्यावर माया आहे तशीच राहू दे.

बाबा

९ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

काजळीचं वाचून गलबलून आलं. मी स्वतः घोड्यापासून दोन हात लांब राहणारी, तुमची नालायक मुलगी. पण शाळेतून आल्यावर दप्तरासकट मी आधी तिच्याकडे जायचे, हे तुम्हाला माहीत आहे.

आता जे लिहितेय त्याचा राग येईल, तो खुशाल येऊ द्या. घोडीला नालबंदाने पाहिलं, डॉक्टरांनी पाहिलं, दातवाल्याने पाहिलं, खोगीरवाल्याने पाहिलं. तिच्या पाठीवर रोज जो बसतो त्याला कोणी पाहिलं का? मागे माझ्याकडे शर्यतीत घोडा पळवणारी एक मुलगी खांद्याच्या व्यायामासाठी यायची. तिची तक्रार होती की घोड्याचं तोंड एका बाजूला कडक आहे. तिचा खांदा सुटला आणि घोड्याचं तोंड आपोआप मऊ झालं.

तर एवढं करा. लाकडी खुर्चीवर बसा, उशीबिशी न घेता. दोन्ही तळहात उताणे करून बुडाखाली सरकवा. दोन हाडं हाताला टोचतील. दोन्ही सारखीच टोचतात का ते बघा. मग दोन वजनकाटे शेजारी ठेवून एकेकावर एकेक पाय द्या आणि समोर बघून उभे राहा. काटे आईला वाचू दे. तुम्ही वाचायला लागलात तर मुद्दाम नीट उभे राहाल, ओळखते मी तुम्हाला.

लोभ असावा. राग आलाच तर तो इकडे पाठवा, आईवर काढू नका.

तुमची
मनी

१४ मार्च

चि. मनीस,
आशीर्वाद. (या खेपेला अनेक नाहीत, एकच.)

म्हणजे आता मला बसायला तू शिकवणार! अगं, उभ्या आयुष्यात मी दुसरं केलंय काय? पाठ ताठ, टाच खाली, नजर पुढे, हे ओरडून ओरडून माझा घसा कायमचा बसला. घोड्यावरची माझी मांड बघायला लोक कुंपणाशी उभे राहायचे. तुझ्या आईला विचार, तीही त्यातलीच.

तरी तुझा तो खुर्चीचा प्रकार केला. बुडाखाली हात घालून मी बसलोय आणि नेमका त्याच वेळी कोपऱ्यावरचा औषधवाला वजनकाटा काखोटीला मारून घरात आला. तुझ्या आईने परस्पर मागवला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं, आणि तो फिस्सकन हसला. काटा तसाच परत पाठवला. दोन्ही हाडं सारखीच टोचतात, लिहून ठेव.

सकाळी उजवी कंबर जरा धरते, ती या वयात कोणाची धरत नाही? दगडी पायरीवरून घोडीवर चढतो ते तिच्या पाठीला हिसका बसू नये म्हणून. शहाणी माणसं तसंच चढतात. कुरणवाला तीस तारखेला येतोय. विषय संपला.

माया संपलेली नाही, ती ठेव.

बाबा

१६ मार्च

चि. मनीस,
अ. आ. आणि पाठीवरून हात.

हे पत्र तुझ्या बाबांना न सांगता लिहितेय. ते तबेल्यात गेलेत. तुला उत्तर पाठवल्यापासून घरात तोंडाला कुलूप आहे.

मने, त्यांना उजवा पाय नीट उचलता येत नाही. दिवाळखोरासारखे लपवत फिरतात, पण एका घरात राहून काय लपणार? उजव्या पायातला मोजा मी घालून देते. का, तर म्हणे चष्मा सापडत नाही! चष्मा नाकावरच असतो. पलंगावरून उठताना आधी टेबल धरतात, मग माझ्याकडे बघतात, मी बघत नाही असं दाखवते. स्वारीची विजार दोन वर्षं मी एकाच बाजूला ठिगळ लावून देतेय, डाव्या. तुझं पत्र त्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं, तुझी टर उडवायला, तेव्हा ते माझ्या डोक्यात आलं. उजवी बाजू कोरी करकरीत आहे गं. म्हणजे ते उजवीकडे बसतच नाहीत.

मला घोड्यांतलं कळत नाही. पण हा माणूस एक दिवस खाली पडणार आणि मला कोणीतरी धावत बोलवायला येणार, या भीतीने मी ते परत येईपर्यंत स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी असते. त्यांना सांगायला गेले तर अंगावर येतात. आणि बिचारी ती मुकी घोडी उगाच घर सोडून जाणार. काहीतरी कर. मी सांगितलं हे कळू देऊ नकोस.

जपून राहा. मला विसरू नकोस, एवढंच मागणं.

तुझी
आई

२० मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

विषय संपला म्हणालात, मान्य. कंबरेचं विचारत नाही, काट्यांचं विचारत नाही.

एकच हट्ट पुरवा. तुमच्याकडे ती बँकेतली चष्मेवाली शिकायला येते ना, हलक्या हाताची म्हणून तुम्ही जिचं कौतुक करता, तिला एकदा काजळीवर बसवा. तुम्ही खाली रिंगणाच्या मधोमध उभे राहा आणि काजळीला उजव्या हाताला फिरवायला सांगा. तेव्हाही ती डावीकडे सरकली तर तुमचं खरं. मी पुन्हा अवाक्षर काढणार नाही आणि तिला निरोप द्यायला रजा टाकून येईन.

इतक्या जणांना तुम्ही खाली उभं राहून बघितलंत. काजळीलाही एकदा तसंच बघा.

लोभ आहे हे माहीत आहे, म्हणूनच हट्ट करतेय.

मनी

२५ मार्च

चि. मनीस,
अनेक, अनेक आशीर्वाद.

काल चष्मेवालीला काजळीवर बसवलं. ती आधी नाहीच म्हणत होती, तुमच्या घोडीवर मी कशी बसू म्हणून. बसली. उजव्या हाताला फिरवली. मने, घोडी आखलेल्या रेषेवरून जराही हलली नाही. चालली, दुडकी धरली, पुन्हा चालली, पाठ कशी सैल आणि शेपूट मोकळी. मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. शेवटी ती पोरगी घाबरून विचारायला लागली की माझं काही चुकतंय का.

मग मी चढलो. चष्मेवालीला लगाम धरून हळूहळू चालवायला सांगितलं आणि डोळे मिटून घेतले. शिकाऊ मुलांना मीच करायला लावतो हे, स्वतः कधी केलं नव्हतं. डोळे मिटल्यावर कळलं. उजव्या बाजूला खाली काही नाहीच, सगळा मी डाव्या हाडावर. वळण आलं की उजव्या कंबरेचा सांधा कळ मारायचा, मी त्याला वाचवायला डावीकडे कलंडायचो, आणि पुढच्याच पावलाला काजळी डावीकडे माझ्याखाली यायची. प्रत्येक वेळी आधी मी, मग ती. ती रेषा सोडत नव्हती गं. मी पडू नये म्हणून माझ्याखाली येत होती. आणि मी तिला मलम लावत बसलो, दात तासले, म्हातारी म्हणून घालवून द्यायला निघालो. पाठ ताठ झाली ती मला तोलून.

तबेल्यात तिच्या गळ्याला मिठी मारून रडलो. तुझी आई दारात होती, तिने पाहिलं, आणि बरं झालं पाहिलं. घरी येऊन दोन काटे मागवले. डाव्या काट्याने उजव्याला पार मागे टाकलं. औषधवाला या वेळी हसला नाही. कुरणवाल्याला येऊ नकोस म्हणून कळवलंय.

आता तुला विचारायला हवं ते विचारतो. मला बापासारखं नको, पेशंटसारखं खरं उत्तर दे. हा सांधा बरा होतो का? मी परत घोड्यावर बसेन का? मला पडायची भीती वाटत नाही. खाली उतरून नुसतं बसून राहायची वाटते. घोड्यावरून उतरलेला मी कसा असतो ते मलाच माहीत नाही.

लवकर लिही. वाट बघतोय.

बाबा

२९ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पेशंटसारखं उत्तर हवंय ना, मग घ्या. फोटो काढल्याशिवाय नक्की सांगता येत नाही, पण लक्षणं सांध्याची झीज झाल्याचीच आहेत. बहुतेक सांधा बदलावा लागेल. त्यानंतर कितीतरी महिने घोडा नाही. पुन्हा बसता येणं शक्य आहे, बरेच जण बसतात. पण तुम्ही बसालच असं वचन मी देत नाही. सांधा नवा आला तरी अंगाची कलंडायची सवय जुनीच राहील. ती मोडायला रोज आरशासमोर व्यायाम करावा लागेल. मी करून घेईन आणि तुम्ही माझ्यावर ओरडाल.

हे झालं पेशंटचं. आता मुलगी म्हणून. घोड्यावरून उतरलेले बाबा मी लहानपणापासून पाहत आलेय. संध्याकाळी उंबऱ्यात बसून बूट काढत मला दिवसभरात काय झालं ते विचारायचे. मला तेच जास्त ओळखीचे आहेत. त्यांना घाबरू नका.

शनिवारी येतेय. आईला सांगा, मोजे आता मी घालून देईन. (तिने काही सांगितलेलं नाही, मीच ओळखलं. तिच्याकडे असं बघू नका.)

लोभ वाढता राहो, वजन नको.

मनी

८ नोव्हेंबर

चि. मनीस,
अ. उ. आ.

नवा सांधा बसवल्यावर काल पहिल्यांदा काजळीवर बसलो. हाडांच्या डॉक्टरांनी परवानगी दिली ती फक्त चालीची, तीही थोडा वेळ. सकाळी तुझे सगळे व्यायाम केले, एकही न गाळता. तुझी आई आरशामागे पहाऱ्याला होती, त्यामुळे गाळण्याची सोय नव्हती. या खेपेला ती खिडकीत न थांबता कुंपणाशी येऊन उभी राहिली.

रिंगणाच्या मधोमध माझ्या जागी चष्मेवाली होती. इतके महिने काजळीला तिनेच फिरवली, घोडी सुरेख झालीय. तिला बजावून ठेवलं होतं की जे दिसेल ते सांगायचं, माझी भीड धरायची नाही. डोळे मिटून बसून पाहिलं. दोन्ही हाडं खाली लागली. किती दिवसांनी लागली म्हणून सांगू! मग उजव्या हाताला वळवली.

काजळी जरा चालली आणि डावीकडे सरकली.

सगळं फुकट गेलं असं वाटलं. चष्मेवालीला ओरडून विचारलं, मी कलंडलोय का. ती म्हणाली, नाही, अगदी मध्यावर आहात. पुन्हा वळवली, पुन्हा सरकली, आणि मग आपणहून थांबली. कान मागे माझ्याकडे केले आणि नुसती उभी राहिली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. चष्मेवाली वर असली की ती सरळ जाते. मी वर आहे म्हटल्यावर मी पडणार, हे तिने धरूनच ठेवलंय. मला झेलायला आली होती, आणि मी तिथे नव्हतो.

मी लगाम सैल सोडला, तिच्या मानेवर हात ठेवला आणि सांगितलं की बाई, आता नको येऊस, बसलोय मी. तिला काय कळणार? पुढच्या वळणाला पुन्हा आली. आज सकाळीही आली, कालच्यापेक्षा जरा कमी. नुसता सरळ बसून राहिलो, तिला कळेपर्यंत बसणार आहे.

तुझी आई शेजारी बसून हे वाचतेय आणि डोळे पुसतेय. रजा मिळाली की ये. आमच्या तिघांचा तुझ्यावर जीव आहे, तो असाच मानून घे.

तुझे
बाबा