एन्नोच्या गळ्यातला बूट

प्रिय ओटिली,

तुझं पत्र मिळालं. शाळेच्या पन्नाशीच्या पुस्तकासाठी तुला माझ्याकडून दोन पानं आठवणी हव्यात, आणि अंथरुणाला खिळलेल्या तुझ्या वडिलांसाठी एक ओळ: 'गुरुजी, तुम्हाला माफ केलं.' ती वाचून दाखवलीस की ते सुखानं डोळे मिटतील.

पुस्तकात गोडगोडच छापा. आपल्या आजोबांच्या पिढीनं जर्मनीहून येऊन नेब्रास्काच्या माळावर घरांआधी शाळा उभी केली, वगैरे. १९१८चं मात्र तुलाही ठाऊक आहे. युद्ध चालू, जर्मन बोलायला बंदी. तालुक्याची माणसं दरडावून गेली, "मास्तर, एक जरी जर्मन शब्द ऐकू आला तर शाळेला कुलूप ठोकू." मग गुरुजींनी दाराशी काढलेल्या आपल्याच लाकडी बुटांतला एक दोरीत ओवला. जर्मन बोलेल त्याच्या गळ्यात बूट. दुसऱ्याला बोलताना पकडून दिलं की बूट त्याच्या गळ्यात आणि आपली सुटका. शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात असेल त्याला दहा छड्या.

माझा धाकटा भाऊ एन्नो सहा वर्षांचा, इंग्रजीचा गंध नाही. एकदा छड्या खाल्ल्या आणि पोरानं तोंडच मिटलं. तुम्ही पोरी त्याला "मुका बोकड" म्हणायचात, मीही हसायचे. घरीसुद्धा माझ्यादेखत तो बोलेना. जानेवारीत पोटात कळा आल्या तरी माझ्या शेजारी ओठ चावून पडून राहिला. डॉक्टर आले तोवर आतडं फुटलं होतं. दफनाच्या वेळी आई गुरुजींच्या तोंडावर थुंकली. "माझं लेकरू तुम्ही मारलंत." गावानं तुमच्या खिडक्या फोडल्या आणि वसंतात तुमचं बिऱ्हाड हललं.

त्या छड्यांच्या दिवशी बूट माझ्या गळ्यात होता. शाळा सुटायला पाच मिनिटं होती. मी बाकाखाली वाकून जर्मनमध्ये विचारलं, "एन्नो, भूक लागली का रे?" तो म्हणाला, "हो ताई." मी हात वर केला. गुरुजी म्हणाले, "राहू दे गेसिने, लहान आहे." मी म्हटलं, "नियम तुमचाच आहे, गुरुजी." हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, तुलासुद्धा. थुंकी नुसती पुसली.

तुझं पत्र येऊन पाच आठवडे झाले. लिहायला सवड नव्हती असं नाही. मी वाट बघत होते. माफीची ओळ पाठवली असती तर आधी मलाच त्यांची माफी मागावी लागली असती, आणि तेवढं माझ्यानं होणार नव्हतं. काल चर्चमध्ये पाद्रीबाबांनी गुरुजी गेल्याचं सांगितलं, म्हणून आज लिहायला बसले.

तू नको म्हणालीस तरी तुझीच,
गेसिने