निळ्या पिशवीतली हवा

प्रिय चिमणे,

काल तुझ्या आईला भेटायला गेले होते. गुडघ्याचं ऑपरेशन म्हणजे उठबस अवघड, तू ऑफिसात, म्हणून अर्धी रजा टाकली. दार उघडंच होतं. आत मावशी स्टुलावर चढून पडदे काढत होत्या. "ऑपरेशन? कुणाचं गं? माझे गुडघे तुझ्यापेक्षा धड आहेत!" म्हणत टुणकन खाली उतरल्या. माझ्याच ऐकण्यात काहीतरी गडबड झाली असेल, असं म्हणून मी हसले. मग त्यांनीच कोपऱ्याकडे बोट दाखवलं, "शनिवारी निघताय ना दोघी? बघ, तुझ्या पिशव्या भरून तयार आहेत."

आपली ट्रिप रद्द झाली असं तूच मला सांगितलं होतंस, ऑपरेशनचं कारण देऊन. आणि मी तुझी समजूत घालत बसले होते, की नदी कुठे पळून जातेय?

त्या पाणी न शिरणाऱ्या पिशव्या निवडताना मी किती डोकं खाल्लं होतं सगळ्यांचं. एकच मोठी नको, लहान लहान घे, कारण कयाकच्या, त्या चिंचोळ्या होडीच्या, पोटाचं तोंड अरुंद असतं. धान्याला पारदर्शक, म्हणजे शोधाशोध नको. तोंड तीनदा गुंडाळायचं, मगच बकल लावायचं. आणि प्रत्येक पिशवी हवा भरून बादलीत बुडवायची, बुडबुडा आला की नापास. दुकानदार वैतागला होता. पण मला दुसरी रीत माहीतच नाही. बाबा आयुष्यभर ट्यूब पाण्यात धरून पंक्चर शोधत आले. पदवी मिळाली म्हणून ते थोडंच विसरायचं? क्लबातला तो ताडमाड, ज्याला आपण उंट म्हणतो, म्हणालाच होता, "पंक्चरवाल्याची पोर शेवटी! काय बादलीबाई, नदीवर जायचंय की धुणं धुवायचंय?" सगळे हसले. तू माझा हात दाबलास. तेवढ्यावर मी तो दिवस निभावला होता.

कोपऱ्यात माझ्या निवडीच्या पिशव्यांशेजारी एक नवी, लांबलचक पिशवी होती. आत स्लीपिंग बॅग. मी तिच्यात दोनदा झोपेन एवढी. आपल्या ओळखीत तेवढं उंच माणूस एकच आहे, चिमणे. तो तुला आवडत असेल तर आवडू दे की, मी कोण बोलणार? पण पिशव्या माझ्या आणि सोबत त्याची, यात तुला काहीच खुपलं नाही? नुसतं "तुझ्याऐवजी त्याच्याबरोबर जातेय" म्हणाली असतीस, तर मी रडले असते आणि पिशव्या भरायलाही आले असते. आईला आजारी पाडायची काय गरज होती? माझ्यापासून सुटका करून घ्यायला एवढं मोठं कारण लागावं?

मावशींना मी काही बोलले नाही. तुझी आई आहे ती, तुझं तू बघ.

खरं तर हे पत्रही लिहिणार नव्हते. पण निघताना सवयीनं निळी पिशवी उचलली, तुझ्या गरम कपड्यांची. तोंड घट्ट गुंडाळून दाबली, तर तळाच्या शिवणीपाशी गालाला बारीक वारा लागला. घड्यांत वाळू होती, तळ खडीवर घासलेला. म्हणजे तुम्ही आधीही जाऊन आलात. असो. ती पिशवी नेऊ नकोस. पाणी बर्फासारखं आहे सध्या, आणि ओले कपडे घेऊन रात्र काढणं गमतीचं नसतं. हे पत्र माझ्या पिवळ्या पिशवीत घालून तुझ्या ऑफिसच्या गेटवर ठेवतेय. ती घेऊन जा. आजच बादलीत बुडवून पाहिलीय, एकही बुडबुडा नाही. परत द्यायला मात्र येऊ नकोस. एवढ्यात तरी नको.

तुझीच, अजून तरी,
बादलीबाई