पाळकसाहेबांनी मला ओलांडलं, त्याविषयी

प्रिय ताईस,

धाकट्या भावाचा सप्रेम सलाम. तुझ्या गुडघ्यांची चौकशी आधीच करून टाकतो, कारण ती शेवटी केली की तू म्हणतेस, स्वतःचं रडगाणं संपल्यावर उरलेली शाई माझ्या गुडघ्यांना! कळ जिना चढताना येते की उतरताना, ते कळव. दोहोंची कारणं निराळी असतात आणि मी दोन्ही सविस्तर समजावू शकतो. भाऊजींना मी विचारलंय म्हणून सांग. माझ्या कंबरेचं काय झालं, ते पुढे ओघाने येईलच.

तू वीस वर्षं चालवलेला रविवारच्या शाळेतला मुलांचा वर्ग माझ्याकडे आला, त्याला आता तीन महिने झाले. तुझी पद्धत मला ठाऊक आहे : बायबलमधली गोष्ट सांगायची, एक गाणं म्हणायचं आणि कार्टी होती तशीच घरी पाठवायची. मी तुला दोष देत नाही. (देतो, पण मायेने.) परंतु ज्याने छत्तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं, तो माणूस सद्गुणासारखी वस्तू प्रयोगावाचून कशी शिकवणार? म्हणून मी एकेका सद्गुणाला एकेक रविवार नेमून दिला आणि फळ्यावर रीतसर शीर्षकं घातली : उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. सहनशीलतेच्या रविवारी साहित्य म्हणून अकरा मुलांपुढे अकरा बिस्किटं ठेवली आणि एक तास हात न लावण्याची ताकीद दिली. तासाच्या शेवटी अकराच्या अकरा बिस्किटं जागच्या जागी! आनंदाने माझा ऊर भरून आला, मी अनुमान लिहायला खडू उचलला, आणि तेवढ्यात लक्षात आलं की सगळी बिस्किटं ओली आहेत. “हात नाही लावला सर, नुसतं चाटलं,” असा खुलासा झाला. पुढे प्रामाणिकपणाच्या रविवारी प्रत्येकाने एकेक दोष चिठ्ठीवर लिहून कबूल करायचा होता. दहा चिठ्ठ्यांत चिमट्याचे दोष निघाले. (चिमटा म्हणजे शिंप्याचा मुलगा, हे नाव त्याने कष्टाने कमावलंय.) अकरावी चिठ्ठी खुद्द चिमट्याची. तीत एकच ओळ : सर फार बोलतात.

तरीही मी खचलो नाही. दयेचा रविवार आला. वाटसरूला दरोडेखोर मारझोड करून टाकून जातात, देवळातला याजक त्याला पाहून बाजूने निघून जातो, त्याच्यामागून येणारा दुसराही तेच करतो, आणि ज्याला सगळे तुच्छ मानतात असा परका माणूस थांबून त्याला उचलतो, ही गोष्ट तू त्यांना शंभरदा सांगितली असशील. मी ती करून दाखवायची ठरवली. जखमी मीच झालो, कारण अर्धं मिनिट स्वस्थ पडून राहील असं एकही पोर त्या वर्गात नाही. वर्ग आणि कचेरी यांच्यामधल्या अरुंद बोळात, थंडगार फरशीवर, डोक्याला फडकं गुंडाळून आणि त्यावर लाल शाई ओतून मी आडवा झालो. मग भूमिकांवरून भांडण जुंपलं. सगळ्यांना दरोडेखोर व्हायचं होतं. दयाळू परका व्हायला कोणी तयार होईना. “त्याला उचलावं लागतं सर, आणि तुम्ही केवढे आहात!” अखेर अकरा दरोडेखोरांनी प्रयोग सुरू केला, आणि चिमट्याने आपली भूमिका इतकी मन लावून केली की माझ्या कंबरेत लख्खकन वीज चमकली. मी खराखुरा विव्हळू लागलो. त्यावर वर्गाच्या दारामागे पळालेली मुलं एकमेकांना सांगतात, “सर काय भारी करतात रे!”

आणि अशा स्थितीत कचेरीचं दार उघडून पाळकसाहेब आले. बगलेत कागदपत्रं होती, पलीकडे सभा खोळंबली होती. मी त्यांच्या पायाशी पडलेला, कपाळावरून लाल ओघळ वाहतोय. ताई, त्या माणसाने झगा गुडघ्यापर्यंत उचलला, एक लांब पाऊल टाकलं आणि मला ओलांडून तो चालता झाला! मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला. “याजक आला रे, याजक!” मुलांना न्यायला आलेला शिंपी आणि कंपाउंडरची बायको नेमकी त्याच क्षणी बोळाच्या दारात पोचली; दोघांनी ते लांब पाऊल डोळ्यांनी पाहिलं. मला उचललं कोणी, तर चर्च झाडणाऱ्या मावशींनी. “उठा आता सर, मला फरशी पुसायचीय,” असं म्हणून त्यांनी बखोटीला धरून मला भिंतीशी बसवलं. (दया ही फरशी पुसण्याच्या घाईतूनही उत्पन्न होऊ शकते, असं अनुमान मी नंतर वहीत नोंदवलं.)

शिंप्याच्या दुकानात बातमी शिवायला फार वेळ लागत नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्या मंडळीला कळलं की पाळकसाहेबांनी विव्हळणाऱ्या म्हाताऱ्याला ओलांडलं. आता लोक त्यांचा सलाम घेत नाहीत. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी समिती बसणार आहे. त्यांना इथून हलवायचं की ठेवायचं, हे त्या दिवशी ठरेल, आणि मुख्य साक्षीदार मी आहे. मला विचारशील तर हलवावं. असला माणूस व्यासपीठावरून दयेवर पन्नास मिनिटं बोलतो (मी घड्याळ लावलं होतं), आणि वेळ आली की त्याच्याकडे असतं काय, तर लांब पाऊल! वर मौन. कोणी विचारलं तर उत्तर नाही, नुसता माझ्याकडे बघतो. अपराधी माणसाचं हे ठरलेलं लक्षण आहे.

तो लहानपणी तुझ्याच वर्गात होता, म्हणून तुझ्या शब्दाला समितीत वजन आहे. तेव्हा एखाद्या रडणाऱ्या पोराजवळून तो न थांबता गेल्याचा प्रसंग आठवतो का पाहा, आणि समितीला दोन ओळी लिही. (आठवत नसेल तर नीट आठव.)

भाऊजींना सलाम, मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. पत्र पाकिटात घालण्याआधी पुन्हा वाचलं. व्याकरण निर्दोष आहे. एका ठिकाणी मात्र निरीक्षण अपुरं राहिलंय, ते शास्त्रीय शिस्तीसाठी पुरं करतो. पाळकसाहेब ओलांडण्यापूर्वी थांबले होते. ते खाली वाकले आणि हळूच म्हणाले, “सर, खरंच लागलंय का? उचलू?” मुलं दारामागून बघत होती, प्रयोग रंगात आला होता आणि याजकाची जागा रिकामी होती. मी डोळे मिटूनच कुजबुजलो, “थांबू नका, पुढे जा. धड्यात तुमचं काम तेवढंच आहे.” ते क्षणभर घुटमळले. मग मी त्यांना दटावलं, जसं वर्गात दटावतो तसं. तेव्हा ते गेले.

ता. क. दुसरा. हे त्यांनी आजपर्यंत कोणालाही सांगितलेलं नाही. मीही नाही. आज तीन आठवडे झाले.

ता. क. तिसरा. समितीला काहीही लिहू नकोस. त्याऐवजी हे पत्रच उलट टपाली मला परत पाठव. त्या रविवारी पहिला ता. क. मला सर्वांसमोर उभं राहून वाचायचा आहे. नक्कल मी इथेच करून ठेवली असती. पण दोनदा करायला बसलो, आणि दोन्ही वेळा नकलेत पाळकसाहेब न थांबताच गेले.