पंप, नदी आणि घरातला नगरसेवक

४ मार्च
पुलाखाली पुन्हा मेलेले मासे. वास थेट दुकानापर्यंत — गिऱ्हाईक नाकाला रुमाल लावून चष्म्याच्या फ्रेमी बघत होतं. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात नेणारा पंप बंद पडला त्याला आता दुसरं वर्ष लागलं. सगळ्या गावाची घाण जशीच्या तशी नदीत. आणि ह्या भागाचा नगरसेवक माझ्याच घरात जेवतो. जेवताना विचारलं. नवरा म्हणाला, "बघतो." कधीपासून बघतोय!

६ मार्च
काउंटरवर पंप सुरू करा म्हणून सह्यांचा कागद ठेवलाय. मदतीला कॉलेजातल्या बाई येतात. प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या. गावात त्यांना 'पाणमांजर' म्हणतात, कारण तोंडी दुसरा विषय नाही. पुलाजवळच्या कपारीत पाणमांजरांची जोडी राहते, हे त्यांनीच मला दाखवलं. लोक सही करतात आणि वर विचारतात, "साहेब घरातच आहेत की, मग ही उठाठेव कशाला?" काय सांगू?

९ मार्च
"घरची भांडणं चव्हाट्यावर आणू नकोस," नवरा म्हणे. नदी घरची कधीपासून झाली?

१५ मार्च
बाई आणि मी नगरपालिकेत. अभियंता म्हणतो, आधी सभेची मंजुरी आणा. सभेचं काम बघणारा कारकून म्हणतो, आधी अभियंत्याचा अहवाल आणा. दोघांच्या टेबलांमध्ये एक कपाट. बाईंनी त्याच्याकडे बोट करून विचारलं, "मग आता ह्यालाच विचारू का?" कुणी हसलं नाही. आम्हीही नाही.

२१ मार्च
पाणमांजराची मादी मेली. बंधाऱ्याला अडकून पडली होती, अंगावर काळा साका. बाईंनी उचलून पोट चाचपलं. "अंगावर पाजत होती," एवढंच बोलल्या. म्हणजे कपारीत पिल्लं. हात घातला, काठी घातली — पोचतच नाही. आवाजही नाही.
घरी येऊन मोरीत हात धूत बसले. सासूबाई मागे येऊन उभ्या. "किती पिल्लं होती गं?" माहीत नाही म्हटलं. त्यांनी हात पुसायला टॉवेल पुढे केला. आजवर त्यांनी घरात कधी बाजू घेतली नाही. म्हणजे माझी.

२८ मार्च
आज सभा. सासूबाई म्हणाल्या, "मीही येते." बाई, त्या आणि मी प्रेक्षकांच्या बाकावर. अध्यक्षांनी सांगितलं — यंदा नदीकाठी कारंजं आणि रोषणाई, पंपाचं पुढच्या वर्षी बघू. कारंज्याच्या बाजूने हात वर करा. नवऱ्याचा हात वर! आमच्याकडे नजर गेली तसा जरा खाली आला. मोजणी सुरू झाली तेव्हा पुन्हा वर.
घाण पाण्याचं कारंजं उडवणार आहेत. गटाराला झुंबर.

२९ मार्च
म्हणतो, "विरोधात गेलो असतो तर समितीचं सभापतिपद हातचं गेलं असतं. राजकारण तुला कळत नाही. पुढच्या खेपेला नक्की करतो."
सासूबाईंनी सगळ्यांना वाढलं, त्याचं ताट रिकामंच. त्याने ताट पुढे सरकवलं. त्या म्हणाल्या, "पुढच्या खेपेला वाढते."
मला हसू आलं नाही.

३० मार्च
दुकान उघडलं नाही. वीट आलाय.

१२ एप्रिल
निवडणूक लागली. चौकात नवऱ्याचा फलक — हात जोडलेले, मागे निळीशार नदी. कुठली कोण जाणे, आपली तर नाहीच. खाली लिहिलंय, 'नदीसाठी झटणारा माणूस'. वर मलाच सांगतो, "उद्या जरा बरी साडी नेस, दोघांचा फोटो हवाय. तुझ्या त्या सह्यांचाही उपयोग होईल."
बाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, "त्याला तुझ्या सह्या चालतात, तू चालत नाहीस." दिवसभर तेच डोक्यात.

१९ एप्रिल
आज अर्ज भरला. त्याच्याच प्रभागातून, त्याच्याविरुद्ध. माझं नाव सुचवणारी सही सासूबाईंची. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "त्याला मी सांगते."