खालच्या फळीवरचं बासन

सर, माझ्या घरात सध्या पुस्तकांची रंगपंचमी चालली आहे. धाराशिवला आम्ही घर बांधलं आणि बैठकीतली एक अख्खी भिंत सुताराकडून फळ्यांनी भरून घेतली. ती सजवायचं काम लेकीनं आपणहून अंगावर घेतलं. तिची पद्धत अशी की पुस्तकं रंगानं लावायची. तांबडी तांबड्यांत, निळी निळ्यांत, मधेच एखादी फळी अर्धी मोकळी आणि तिथं मातीचा घोडा. परवा मला कोश हवा होता. कुठं आहे म्हणून विचारलं, तर म्हणते, "कुठल्या रंगाचा?" मी म्हटलं, "अगं, पहिला खंड इथं आणि दुसरा तिकडं स्वयंपाकाच्या पुस्तकाशेजारी, हा कुठला समास म्हणायचा?" ती म्हणाली, "आई, दिसायला छान दिसतंय का नाही? मग झालं तर." मी रंग आठवत कोश शोधायला लागले. एक तर ते खरोखरच छान दिसतंय. आणि दुसरं म्हणजे, मला संस्कृत शिकवणाऱ्या माणसाची पुस्तकं याहून भयंकर पद्धतीनं लावलेली असत, हे तिला कळू द्यायचं नव्हतं.

नळदुर्गच्या तुमच्या माजघरातली ती मांडणी आठवते. सागवानी, चार फळ्यांची, काकूंच्या माहेराहून बैलगाडीत आलेली. केली होती भांड्यांसाठी. लग्नानंतर तुम्ही वरच्या दोन फळ्या पुस्तकांसाठी बळकावल्या. खालच्या दोन काकूंनी शेवटपर्यंत सोडल्या नाहीत. वर व्याकरण, खाली पितळ, असा तुमचा संसार. त्यात दुष्काळाचं साल. सोसायटीच्या सेक्रेटरीनं तुम्हाला खताच्या जाहिरातीचे कागद गठ्ठ्यानं आणून दिले होते, कारण पाऊसच नाही तर खत नेणार कोण? त्या जाड चकचकीत कागदांची तुम्ही सगळ्या पुस्तकांना कव्हरं घातलीत. नावं लिहायची तेवढी राहून गेली. परिणामी दोन्ही फळ्यांवर एकच शेतकरी खांद्यावर गोणी घेऊन चाळीस वेळा हसत उभा. ज्याचा नुसता फेटा दिसतो ते व्याकरण, गोणी दिसते तो कोश, आणि जिथं बैलाचं शेपूट आलंय ते काव्य, हे तुम्हाला पाठ होतं. बाहेरच्या माणसाला साधी सुभाषितं काढायची तर शेतकऱ्याचे कपडे तपासावे लागत. काकू मात्र दर पंधरा दिवसांनी वर्तमानपत्राला कातरीनं नक्षी पाडून चारी फळ्यांना झालर लावायच्या. तुमच्या फळ्यांनाही. वर म्हणायच्या, "उंच पुस्तकं मागं ठेवा, ठेंगणी पुढं. लग्नाच्या फोटोत माणसं उभी करतात तशी." तुम्ही ऐकलं नाहीत. ऐकायला हवं होतं.

हे सगळं मी बाहेरून पाहिलेलं. शाळेत अकरावीला संस्कृत घेणारी मी एकटी उरले, हेडमास्तर तासाला वर्ग देईनात, तेव्हा तुम्ही म्हणालात, "घरी येत जा." मी जळकोटहून मिळेल त्या गाडीनं येत होते. आमचं घर छप्पन साली बौद्ध झालेलं, मी त्यानंतरची. तुमच्या घरी माझी जागा माजघराच्या उंबऱ्याबाहेर, दुमडलेल्या पोत्यावर. पुस्तक तुम्ही मांडणीवरून काढून आणून द्यायचात, पाणी काकू वरून ओंजळीत ओतायच्या. कुणी कधी वाकडा शब्द बोललं नाही, त्यामुळं भांडायचीही सोय नव्हती. एकदा माझ्या तोंडून "न्हाय" गेलं तर तुम्ही केवढे रागावलात! "नाही म्हण. शब्द धुऊन वापरावा." मी नाही म्हणायला शिकले, आणि त्या पोत्यावर बसून ती मांडणी बघत राहिले. मला तुमच्या विद्येपेक्षा त्या फळ्या जास्त हव्या होत्या, हे आता सांगायला हरकत नाही. हात लावायला, पुसायला, लावायला.

मग उन्हाळ्यात तुमची कंबर धरली. कव्हरांना वाळवी लागलीय असा तुम्हाला संशय, आणि वाकता येत नाही. तुम्ही खाटेवर पडल्या पडल्या मला हाक मारता, "आत ये. पुस्तकं उतरव, पूस आणि पुन्हा लाव." मी उंबरा ओलांडते. मागून काकू येतात, पदरानं हात पुसत. त्यांचं मराठी कानडीच्या चालीवर चालायचं. "वरच्या दोन फळ्या हं. खाली नको हात लावू, बाई." आवाजात राग नव्हता, दुधावर झाकण ठेव म्हणावं तसं सांगितलं. खालच्या फळीवर घासलेली भांडी, आणि टोकाला प्यायच्या पाण्याची भरलेली कळशी. टँकर चौथ्या दिवशी यायचा, तोही येईल तेव्हा खरा.

त्या दोन तासांत मी तुमची चाळीस पुस्तकं नीट लावली. प्रत्येकावर पेन्सिलीनं नाव घातलं, मागं कडुलिंबाचा पाला, कोपऱ्यांत वेखंडाच्या पुरचुंड्या, उंच मागं आणि ठेंगणी पुढं. इतकं सुबक काम मी नंतर नोकरीतही केलं नाही. तुम्ही मांडीवर एक जुनी पोथी सोडून पानं मोजत होता. मोजून झाली तशी मान वर न करता हात पुढं केलात. "बासन दे."

मी वाकले, खालच्या फळीवरची कळशी उचलली आणि तुमच्यापुढं धरली.

"हे काय?"

"बासन."

तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत. "अगं, बासन म्हणजे पोथी गुंडाळायचं कापड!"

"आमच्या आळीत बासन म्हंजे भांडं, सर. दखनी उर्दूत तसंच म्हणतात."

तुमचा चेहरा असा उजळला की जणू माझ्या हातात कळशी नसून नवा शिलालेख होता. तुम्ही ताठ बसलात, कंबर विसरलात. एकाच रूपाचे दोन शब्द, दोन वेगळ्या घरांतून आलेले, दारात भेटलेले, एकमेकांना ओळखत नाहीत. तुम्ही बोलत सुटलात. तुमची पाठ दाराकडं होती. म्हणून दारात काय झालं ते तुम्ही पाहिलंच नाहीत, आणि हे पत्र मी त्यासाठी लिहिते आहे.

काकू दारात उभ्या होत्या, हात ज्वारीच्या पिठानं भरलेले. "अय्यो," एवढंच म्हणाल्या. त्यांनी कळशीकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग परत कळशीकडं. मी मनाशी ठरवून टाकलं होतं. हे पाणी त्यांनी अंगणात ओतलं, झाडाला घातलं, गाईपुढं ठेवलं, काहीही केलं, तरी मी उद्या येणार नाही. संस्कृत सोडीन, परीक्षा सोडीन. कळशी जड होती, आणि तुम्ही समोर व्युत्पत्ती सांगत होता.

"मुलीचं काय चुकलं?" काकू तुम्हाला म्हणाल्या. तुमचं वाक्य मधेच तुटलं. "बासन मागितलं, बासन दिलं. मला सांगितलं असतं तर मीपण भांडंच आणलं असतं." मग माझ्याकडं वळून, जरा खेकसूनच, "उभी काय राहिलीस? हात भरून आले असतील. ओत की रांजणात."

रांजण स्वयंपाकघरात, चुलीपलीकडं. मी गेले. झाकण काकूंनी काढलं, कारण माझे दोन्ही हात अडकले होते. रांजणाच्या तळाशी थोडं पाणी होतं, तुमच्या सगळ्या घराचं. त्यात मी माझ्या हातानं कळशी ओतली. काकू जवळ उभ्या राहून बघत होत्या. हसल्या नाहीत. पाणी संपल्यावर म्हणाल्या, "आता खाली भांड्यांमागंही पूस. कोळिष्टकं झालीत." हे श्रेय काकूंना द्यायचं की त्या टँकरला, यावर मी पुष्कळ विचार केला. आता काकूंना देते. नुसतं पाणी वाचवायचं असतं, तर ते रांजणात त्यांना स्वतःही ओतता आलं असतं. बाहेरून तुमची हाक आली, "पण कापड कुठं आहे?"

दुसऱ्या दिवसापासून मी आत बसले. तुमचं तर सोनंच झालं. पुढची दहा-बारा वर्षं घरी येईल त्याला तुम्ही ही गोष्ट सांगत राहिलात: माझी सर्वांत हुशार विद्यार्थिनी आणि तिची सर्वांत मोठी चूक. मी नोकरीला लागल्यावर भेटायला आले, तेव्हाही पाहुण्यांसमोर सांगितलीत. "बासन मागितलं, तर हिनं पाण्याची कळशी आणली!" सगळे हसले, मीही हसले. तुमच्या प्रत्येक सांगण्यात कळशी थोडी मोठी होत गेली आणि काकू गोष्टीतून कमी होत गेल्या. शेवटी उरलो आपण दोघं आणि शब्दकोश. मी एकदाही दुरुस्ती केली नाही. तुम्ही माझे हजारो उच्चार सुधारले असतील. मी तुमची एक गोष्ट सुधारू शकत होते आणि सुधारली नाही. तुम्ही गेलात तेव्हा तिची वेळही गेली.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून स्वच्छ लिहिते. आळीत दखनी बोलत होते हे खरं. पण आमच्या घरी माझ्या पुस्तकांना आईनं जुन्या लुगड्याचं कापड शिवून दिलं होतं, आणि तिला अक्षर येत नसलं तरी त्या कापडाला ती बासनच म्हणायची. तुमचं लाल बासन त्या दुपारी वरच्या फळीवर माझ्या नाकासमोर होतं. मीच घडी घालून ठेवलं होतं, सर. ते मला दिसत होतं, आणि तरीही मी वाकले.