गुंगालिनमधले बारा दाणे

१२ ऑगस्ट २०२१
संध्याकाळी पाचपासून गुंगालिनसकट सगळ्या शहरात कोविडचा लॉकडाऊन. लॅब आवरायला दोन तास. टिओसिंटेचे बारा दाणे कोटाच्या खिशात टाकले. मक्याचा जंगली पूर्वज, माझ्या पीएचडीचा सगळा जीव त्यात. क्वारंटाइनचं बी, म्हणजे रोग नाही हे ठरेपर्यंत इमारतीबाहेर न्यायला सक्त मनाई. गाइडला, हेलनला, बोलले नाही. हा सीझन गेला तर वर्ष गेलं. व्हिसा मार्चपर्यंतच.

१५ ऑग.
कवच दगडासारखं. नेलकटरने टोकं उडवली, ओल्या टिशूत गुंडाळून डबा राउटरवर. इथला ऑगस्ट म्हणजे ऐन हिवाळा; बाहेर गवत हिमाने पांढरं, घरात तेवढीच ऊब. निखिल म्हणाला, "नवऱ्याचे कधी एवढे लाड नाही झाले."

१९ ऑग.
तीन फुटले! बाकी नऊवर करडी बुरशी. आंबूस वास. नेहमीचीच असेल. नसेलही. मायक्रोस्कोप लॅबमध्ये कुलूपबंद.

२० ऑग.
झूम मीटिंग. हेलनने सहज विचारलं, "घरी कोणी काही उगवत नाहीये ना?" सगळे हसले. मीही.

२३ ऑग.
फुटलेल्यांच्या मुळांवरही तपकिरी पट्टे. कालपेक्षा लांब. असं आपल्या मक्यावर कधी पाहिलं नाही.

२५ ऑग.
उठले तर डबा ओट्यावर पालथा. धुतलेला.
"निखिल, यातलं काय केलंस?"
"अगं सडलं होतं सगळं. काल ग्रीन बिनमध्ये टाकलं."
अनवाणी धावले. बिन रिकामं. ट्रक येऊन गेला होता. त्या कचऱ्याचं खत होतं, गावभर बागांत जातं.
त्याची काय चूक? मी त्याला परवानगी नसल्याचं सांगितलंच नव्हतं. आज सांगितलं. तो खुर्चीत बसला. म्हणाला, "कोणाला कळणार आहे?"

२६ ऑग.
वॉकला गेलो. कोपऱ्यावरच्या घरात एक म्हातारे वाफा खणत होते. ओळख ना पाळख, पण मास्कमधूनच हाक, "मॉर्निंग! या वर्षी कॉर्न लावणार. खत मागवलंय."
निखिलने माझ्याकडे पाहिलं नाही.

२७ ऑग.
हेलनला सगळं लिहिलं. दाणे, बुरशी, ट्रक. निखिल मागे उभा. "व्हिसाचा विचार केलास?"
"केला."
पाठवलं. चार मिनिटांत उत्तर : घरातलं काही धुऊ नकोस, बाहेर पडू नकोस. नऊला फोन करते. आणखी एक जण लाइनवर असतील.
कोण, ते लिहिलेलं नाही. क्वारंटाइन खात्याचं कोणी असणार.
निखिल पासपोर्टांची फाइल काढून बसलाय.
आठ त्रेपन्न. फोन आत्ताच वाजतोय